साडूपेक्षा वीतभर उंच

साडू हे नातं मोठं विचित्र. भाऊ जन्मानं मिळतो, मित्र आपण निवडतो, शेजारी नशिबात असतो. साडू मात्र आपल्या सासऱ्यानं आपल्याला न विचारता ठरवलेला असतो. ज्या घरात आपण एकुलते एक जावई म्हणून पाय पसरून बसत होतो, त्याच घरात, त्याच खुर्चीवर एक दिवस दुसराच गृहस्थ येऊन बसतो आणि सासूबाई त्याला विचारतात, "उकडत नाही ना तुम्हाला?" आपल्याला उकडतं की नाही याची चौकशी त्या दिवसापासून बंद.

तपासनीसांच्या बाबतीत हे घडून पुष्कळ वर्षं झाली होती, पण खुर्ची गेल्याचं दुःख त्यांनी नीट जपून ठेवलं होतं. वजनमापं खात्यात त्यांची हयात गेली. दुकानात शिरायचं, तराजूचं पारडं बोटानं दाबायचं, मापाचा तळ वाजवून बघायचा आणि दुकानदाराकडे असं बघायचं की त्यानं न केलेली लबाडीही कबूल करावी. निवृत्त झाल्यावर तराजू गेले, बघणं राहिलं. आणि बघायला समोर एकच माणूस होता. दोघी बहिणींनी लहानपणी एकमेकींना शब्द दिला होता, आपण म्हातारपणी शेजारी राहायचं. आणि बायकांनी लहानपणी दिलेले शब्द म्हातारपणी नवऱ्यांना पाळावे लागतात. दोन घरं, मध्ये गुडघ्याएवढी भिंत. अलीकडे तपासनीस, पलीकडे साडू.

साडू दातांचा डॉक्टर. सकाळी थोडा वेळ दवाखाना, बाकी दिवसभर आनंद. त्याच्यात तसं वाईट काही नव्हतं, आणि तपासनीसांची मुख्य तक्रार तीच होती.

"माणसानं थोडं तरी वाईट असावं गं," ते बायकोला म्हणत. "बोलायला विषय मिळतो."

"मला आहे की विषय," बायको म्हणे आणि मशीनचं चाक फिरवी.

बायको कपडे शिवायची. हौसेनं सुरू केलं होतं, गिऱ्हाइकांनी त्याचा धंदा केला. अंगणाकडे दार उघडणारी कोपऱ्यातली खोली तिची. तिथे लोखंडी पायांचं जुनं जड मशीन, भिंतीला लावलेले कागदी नमुने, खुर्चीवर चिंध्यांचा ढीग. गिऱ्हाईक आलं की त्याला चिंध्या उचलून खुर्ची मिळे. तपासनीस आले की त्यांनी चिंध्यांवरच बसायचं. तिच्या बडबडीला मशीनची साथ आणि मशीनला त्यांच्या हुंकाराची. निवृत्त माणसाला दिवस घालवायला याहून चांगली जागा नाही, पण हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. माणसाला आपल्या मालाची किंमत पलीकडच्या दुकानात तो दिसल्यावर कळते.

तर साडूनं बाग केली. बाग म्हणजे काय, अंगणात हिरवळ, कडेनं मेंदीचं कुंपण, दारापर्यंत वळणाची फरशी. वळण कशासाठी, हे तपासनीसांना कधीच कळलं नाही. फाटकापासून दारापर्यंत सरळ जाता येत असताना जो माणूस वळणानं जातो, त्याच्याकडे वेळ जास्त असतो किंवा त्याला कोणीतरी बघत असतं. साडूला सगळा रस्ता बघत होता. संध्याकाळी फिरायला जाणारी माणसं त्याच्या फाटकाशी थांबत. "वा डॉक्टर! गालिचाच!" तपासनीसांच्या फाटकाशीही एकदा एक गृहस्थ थांबले होते. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता.

"आपणही करून घेऊ," एका सकाळी तपासनीस म्हणाले.

"काय?"

"तेच. जरा हिरवं."

बायकोनं दातात धरलेली टाचणी काढली आणि त्यांच्याकडे बघितलं. "कालपर्यंत गवत म्हणजे डासांचं वसतिगृह होतं."

"डासांचं मत बदललं असेल," तपासनीस म्हणाले.

कंत्राटदार तोच, डॉक्टरांचा. त्याला सगळे 'होऊन जाईल' म्हणत, कारण तो तेच म्हणे. झाडं जगतील का? होऊन जाईल. वेळेत संपेल का? होऊन जाईल. मजूर आले नाहीत. होऊन जाईल. गोल चेहऱ्याचा, खिशात कायम मोजायची फीत बाळगणारा; ती फीत त्यानं कधी ओढून बाहेर काढलेली कोणी बघितली नव्हती. तपासनीसांनी त्याला पाण्याच्या टाकीमागे नेलं. तिथून पलीकडचं घर दिसत नव्हतं, म्हणजे पलीकडच्या घरालाही ते दिसत नव्हते.

"काय करायचं साहेब?"

"त्यांच्यासारखंच." तपासनीसांनी मागे वळून बघितलं. "पण उंच."

"झाडं?"

"जमीन."

होऊन जाईल या धंद्यात मुरलेला होता. त्यानं कारण विचारलं नाही. "किती?"

ज्या माणसानं आयुष्यभर शिक्का मारलेल्या मापाखेरीज दुसरं माप मान्य केलं नव्हतं, त्यानं हात पुढे केला आणि बोटं फाकवून दाखवली. "वीतभर. रस्त्याच्या बाजूनं. माणूस वरून येताना आधी आपलं गवत दिसलं पाहिजे, मग त्यांचं."

"दिसेल. पण पाण्याचं काय साहेब? रस्त्याचं गटार डॉक्टरांच्या कोपऱ्यात आहे. खालून पाइप टाकायचा तर त्यांच्या अंगणातून न्यावा लागेल. एक शब्द टाका त्यांच्याकडे."

"त्यांना विचारायचं नाही."

"मग पाणी?"

"माझं पाणी माझं मी बघेन."

कंत्राटदारानं आभाळाकडे बघितलं. आभाळ निरभ्र होतं. "होऊन जाईल," तो म्हणाला.

मातीच्या गाड्यांवर गाड्या आल्या. अंगण फुगत चाललं. बायको दारात येऊन बघायची. "अहो, जास्त होत नाहीये का? उंबऱ्याला टेकली माती."

"माती बसते खाली."

"कोण म्हणालं?"

"सगळ्याच गोष्टी बसतात वयानं," तपासनीस म्हणाले, आणि विषय वयावर गेल्यामुळे तो तिथेच थांबला.

गवत लागलं, फरशी आली, तिला डॉक्टरांच्या फरशीपेक्षा एक वळण जास्त. आणि खरोखरच रस्त्यावरून येणाऱ्या माणसाला आधी तपासनीसांचं गवत दिसू लागलं. लोक थांबू लागले. तपासनीस खुर्ची टाकून बसत आणि कोणी थांबलं की त्याला बघितलंच नाही असं दाखवत. वर्षानुवर्षं अडलेला घास घशाखाली उतरावा तसं वाटत होतं. फक्त साडूनं गोडी घालवली. भिंतीवर पाय टेकवून, सगळे दात दाखवत तो म्हणाला, "दादा, काय सुंदर झालंय! माझ्यापेक्षा चांगलं झालंय!" आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. आता जो माणूस जळत नाही, त्याला जाळायला आणलेली काडी करायची काय?

मग पाऊस पडला. फार मोठा नव्हता. वाळत घातलेले कपडे काढायला बाया धावत येतात एवढा. पण पाणी ज्या दिशेला जायचं त्या दिशेला गेलं, म्हणजे घरात. शिवणाच्या खोलीचं दार उघडलं तर चिंध्या तरंगत होत्या आणि एका बाईचा आजच द्यायचा कोट बाहीपर्यंत भिजून, खांदे पाडून उभा होता, कोणीतरी वाईट बातमी सांगितल्यासारखा.

होऊन जाईल आला, त्यानं खोलीच्या दारात सिमेंटचा एक बांध घातला. "आता थेंब आत येणार नाही." पुढच्या पावसात थेंब दारातून आला नाही, तो भिंतीखालून आला, भरपूर सोबत घेऊन आला, आणि बांध मजबूत असल्यामुळे त्याला परत जाता येईना. खोलीचं तळं झालं. भिंतीला ओल चढली, कागदी नमुन्यांना बुरशी आली, आणि गिऱ्हाइकं कपडे हुंगून घेऊ लागली.

"ताई, तू इकडेच ये," भिंतीपलीकडून धाकटी म्हणाली. "आमची समोरची खोली रिकामीच आहे."

"अगं, कशाला तुम्हाला त्रास?"

"त्रास कसला?" साडू बाह्या सरसावत आला. "मी आणतो मशीन."

मशीन जाताना बायकोच्या हातातून दोऱ्याचं रीळ फरशीवर पडलं. ते डॉक्टरांच्या घराकडे गेलं नाही, फाटकाकडेही गेलं नाही. नव्या फरशीची सगळी वळणं सोडून, गवतातून वाट काढत, ते आज्ञाधारक मुलासारखं सरळ शिवणाच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबलं. बायकोनं ते उचललं, फाटकाशी नेऊन ठेवलं. पुन्हा तेच.

"अहो," ती म्हणाली, "ही सगळी बाग आपल्या घराकडे उतरलीय."

"बघ ना!" तपासनीस मोठ्यानं म्हणाले. "ह्या लोकांना मापच नाही! नुसता हलगर्जीपणा!" बोलताना त्यांनी आवाज एवढा चढवला की त्यांना स्वतःलाही थोडं खरं वाटलं.

त्या दिवसापासून घरात शांतता झाली. तपासनीसांना शांतता हवी होती असं ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते. आता ती सगळ्या खोल्यांतून पसरलेली होती आणि तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. सकाळी बायको चहा झाकून ठेवून पलीकडे जाई आणि दिवेलागणीला परत येई, ती दमून. बोलणं तिकडेच संपलेलं असे. "काय म्हणत होता डॉक्टर?" ते विचारत. "काही नाही, असंच," ती म्हणे. आणि दिवसभर भिंतीपलीकडून हसणं ऐकू येई. आधी धाकटीचं चिरकं हसू, मग साडूचं खो खो, आणि मग, त्या दोघांना मागे टाकून, तिचं. तिचं हसणं त्यांना ओळखू यायला थोडा वेळ लागला. ते आतून दाबून ठेवलेलं, मग एकदम सुटलेलं, शेवटी श्वास अडकून 'अगं आई गं' म्हणणारं हसणं होतं. हे आपल्याकडे शेवटचं कधी झालं होतं, याची तपासनीसांनी आठवण करून बघितली. तराजू हलला नाही.

एकदा ते भिंतीशी गेले. पलीकडच्या खिडकीतून दिसलं, साडू चष्मा कपाळावर सरकवून, जीभ किंचित बाहेर काढून, सुईत दोरा ओवत होता. दाताच्या मुळाशी आयुष्यभर खुडबूड केलेल्या माणसाचा हात. पहिल्या फटक्यात ओवला. "वा!" बायको म्हणाली. तपासनीसांच्या बायकोनं तपासनीसांना 'वा' म्हटल्याला एक जमाना झाला होता. गवताचं सोडा, लोकांच्या थांबण्याचं सोडा. हा 'वा' भिंतीपलीकडे गेला होता.

मशीन परत आणलं पाहिजे. त्यासाठी खोली कोरडी झाली पाहिजे. त्यासाठी बाग उतरवली पाहिजे. आणि ती का चढली हे कोणाला कळता कामा नये.

पण साडू चांगला माणूस. त्यानं परस्परच ठरवलं. "दादा, तुम्ही भिडस्त आहात," तो म्हणाला. तपासनीसांना भिडस्त म्हणणारा तो जगातला पहिला माणूस. "मी बोलावतो त्याला. माझ्या घरी. आपण सगळे बसू समोर आणि विचारू, लेव्हल चुकलीच कशी? कबूल करायला लावतो!"

तपासनीसांनी हो म्हटलं, घरी आले, चप्पल घातली आणि कंत्राटदाराला शोधायला निघाले.

तो गावाबाहेरच्या एका बंगल्यावर सापडला. तिथल्या मालकाला काहीतरी होऊन जाईल असं सांगत होता. तपासनीसांनी त्याला खडीच्या ढिगाऱ्यामागे नेलं.

"तुला उद्या डॉक्टरांनी बोलावलंय."

"आला निरोप."

"ते वीतभर..."

होऊन जाईलनं छातीवर हात ठेवला. "साहेब. माझ्या पोटात किती जणांची गुपितं आहेत म्हणून सांगू? एकांनी शेजाऱ्याच्या खिडकीसमोर मुद्दाम झाड लावून घेतलंय. एकांनी सासूच्या खोलीबाहेर कारंजं काढून घेतलंय, रात्रभर चालू ठेवायला. कोणाचं नाव घेतलं मी? मी सांगेन, मजुरांची चूक. माझी चूक. बस!"

तपासनीसांना भरून आलं. मग खात्याची सवय आडवी आली. "आणि पाइप? बिलात तू खालून पाइप टाकल्याचं लिहिलंस."

"टाकलाय की."

"कुठून कुठे?"

"चांगला लांब आहे."

"अरे, पण कुठून निघतो आणि कुठे जातो?"

"साहेब," कंत्राटदार समजावणीच्या सुरात म्हणाला, "डॉक्टरांकडे जायचं नाही म्हणालात. रस्त्याकडे चढ. मग तो जाणार कुठे? तो आहे. तुमच्या गवताखाली आहे. दोन्ही तोंडं मातीत. सामानात धरला होता, म्हणून टाकला."

तपासनीसांच्या अख्ख्या नोकरीत एवढं निर्मळ खोटं माप कोणी त्यांच्यासमोर ठेवलं नव्हतं. आणि याच्यावर ओरडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या समोरच्या खोलीत सगळे जमले. मशीन खिडकीपाशी होतं, आणि जणू तिथंच जन्मलं असावं असं दिसत होतं. धाकटीनं चहा दिला. कंत्राटदार खुर्चीच्या टोकावर बसला. साडूनं घसा साफ केला; रागवायची सवय नसल्यामुळे त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेना.

"हे बघा, तुम्ही माझं काम चांगलं केलंत," त्यानं सुरुवात केली.

"आभारी आहे डॉक्टर."

"नाही, म्हणजे, दादांचं का नाही केलंत? बाग घराकडे उतरते? लहान मुलाला कळेल! एका बाईचं कामाचं ठिकाण बुडालं, तिला घर सोडून..." साडूचा चेहरा लाल झाला. "लाज वाटायला पाहिजे!"

"भावजी बिचारे काही बोलत नाहीत म्हणून तुमचं फावतं," धाकटी म्हणाली.

बिचारे भावजी चहात बघत होते.

होऊन जाईल उठून उभा राहिला. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली, तपासनीसांवर ती क्षणभर थांबवली, आणि मान खाली घातली. "चूक माझी आहे. साहेबांनी मला सगळं नीट सांगितलं होतं. साहेबांसारखा मापातला माणूस नाही. मजुरांना मी सांगायला चुकलो. रस्त्याकडची माती वीतभर खाली घ्यायला पाहिजे होती, ती वर गेली. मला शिक्षा करा." नाटकमंडळीत असता तर टाळ्या पडल्या असत्या. धाकटीनं डोळे पुसले.

"शिक्षेचं राहू द्या," साडू विरघळत म्हणाला. "दुरुस्त कसं करणार?"

"माती उतरवतो. पाइप काढून पुन्हा टाकतो. पण डॉक्टर, पाइप गटारापर्यंत न्यायचा तर..." तो घुटमळला.

"तर?"

"तुमच्या हिरवळीतून न्यावा लागेल. मधोमध चर. फरशीही उखडेल."

साडूनं खिडकीतून आपल्या हिरवळीकडे बघितलं. आणि तपासनीसांच्या मनात, त्यांची इच्छा नसताना, एक आशा उगवली: आता हा नाही म्हणेल. गालिचा फाडायला कोण देतं? नाही म्हणू दे, कुरकुरू दे, नुसतं कपाळाला आठी पडू दे. एवढी आठी मिळाली तरी मी हिशेब चुकता समजेन.

"मग खणा की!" साडू म्हणाला. "त्यात काय? गवतच आहे, पुन्हा येईल. ताईंची खोली कोरडी व्हायला पाहिजे."

"अहो, तुमची सगळी बाग..." तपासनीसांची बायको म्हणाली. तिचा आवाज ओला झाला. तिनं नवऱ्याकडे वळून बघितलं. "बघितलंत? याला म्हणतात मोठं मन!"

तपासनीस एवढ्या वर्षांत पुष्कळ गोष्टींवर जळले होते. खुर्चीवर, दातांवर, वळणाच्या फरशीवर, सुईतल्या दोऱ्यावर. पण हे सगळं मिळून या एका वाक्याच्या पासंगाला पुरलं नसतं. मोठं मन! त्यांच्या बायकोच्या तोंडून, त्यांच्या देखत, साडूच्या नावावर शिक्का मारून! आपल्याकडे याच्या वरचढ काय आहे, हे त्यांनी घाईघाईनं चाचपलं, आणि खिशात एकच नाणं हाताला लागलं.

"चूक त्याची नाही!" ते ताडकन उठून म्हणाले. "मोठं मन मलाही आहे. मीच सांगितलं होतं त्याला. वीतभर उंच करायला."

"साहेब!" कंत्राटदार कळवळला. "मी एवढं जिवावर उदार होऊन..."

"तू गप्प बस. तुझा पाइपही खोटा आहे. पण उंची माझी. मी सांगितली. पूर्ण शुद्धीत सांगितली." आणि ते कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

कौतुक आलं नाही. धाकटीच्या हातातली बशी मधल्यामध्ये थांबली होती.

"पण कशासाठी?" बायकोनं विचारलं.

"रस्त्यावरून आधी आपलं दिसावं म्हणून."

"आपलं काय?"

"गवत."

साडू हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. तो काळजीत पडला. "दादा," तो म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंत हो. मी माझं वीतभर खाली घेतलं असतं."

तपासनीस खाली बसले. बायकोनं कप ठेवला, मशीनपाशी गेली आणि पाय चालवायला लागली. तिच्यासमोर कापड नव्हतं.

काम झालं. माती उतरली, डॉक्टरांच्या गालिच्याच्या मधोमध चर गेला, त्यात खडी पडली, खडीत पाइप पडला, आणि या वेळी त्याला दोन तोंडं होती आणि दोन्ही कुठेतरी उघडत होती. तपासनीस स्वतः वाकून एका तोंडात पाणी ओतत आणि दुसऱ्या तोंडाशी पळत जाऊन बघत. होऊन जाईल त्या दिवसांत त्यांच्याशी बोलला नाही. त्याच्या मते त्याचा विश्वासघात झाला होता.

पाऊस पडून गेला. खोलीत थेंब आला नाही. मशीनही आलं नाही.

"भिंत वाळली," तपासनीस म्हणाले.

"हो का," बायको म्हणाली.

"बोट लावून बघ."

"तुम्ही बघितलंत ना? मग वाळलीच असेल. तपासनीस आहात." आणि ती पलीकडे गेली.

त्यांनी खोली झाडली. भिंतीला चुना दिला. खुर्चीवर चिंध्या नव्हत्या, तरी तिच्यावर बसताना ते कडेलाच बसले. पलीकडून हसणं आलं. शेवटी एका संध्याकाळी, ती चप्पल काढत असताना, ते म्हणाले, "मशीन आणू या."

"कशाला? तिथं काय अडलंय?"

"अडलंय."

"काय?"

तपासनीसांनी भिंतीकडे बघितलं, मग छताकडे, मग जायला दुसरं काही उरलं नाही म्हणून तिच्याकडे. "तू तिकडे हसतेस."

"मग? हसू नको?"

"हस की. मला इकडे ऐकू येतं."

"चांगलंच आहे. कान शाबूत आहेत म्हणायचे."

"ऐकू येतं," ते म्हणाले, "पण कशाला हसलीस ते कळत नाही. दिवसभर तेच डोक्यात राहतं."

ती चप्पल हातात धरून उभी राहिली. "आणि हे सांगायला तुम्हाला दहा गाड्या माती लागली?" ती म्हणाली. आवाज रागाचा होता, पण राग वरवरचा होता. खाली जमीन कोरडी होती. "उद्या आणू. डॉक्टरांना हाक मारा. एकट्यानं उचलायचं नाही, कंबर धरेल."

म्हणजे पुन्हा साडूच.

दुसऱ्या दिवशी चिंध्यांचं गाठोडं आधी येऊन खोलीतल्या खुर्चीवर पडलं, मग मशीन डॉक्टरांच्या दारातून बाहेर आलं आणि भिंतीपाशी अडलं. मशीनची चाकाकडची बाजू जड. साडूनं सहजपणे तिकडे हात घातला.

"डॉक्टर, ती बाजू मी घेतो," तपासनीस म्हणाले.

"छे छे, दादा, जड आहे ती."

"म्हणूनच म्हणतो."

"तुमचं वय..."

"वय? तुमच्यापेक्षा जावई मी आधी झालोय, म्हातारा नाही झालो."

"मी गमतीनं म्हटलं हो. पण तुमची कंबर..."

"माझ्या कंबरेचं तुम्ही दात बघून सांगणार? सोडा ती बाजू."

"दादा, मला वाईट वाटेल."

"वाटू दे की एकदा!"

दोघांनी एकाच बाजूला हात घातले, त्यामुळे दुसरी बाजू जमिनीवरच राहिली, आणि मशीन आहे तिथेच एक वेढा घेऊन उभं राहिलं. दोघी बहिणी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. थोड्या वेळानं थोरलीनं धाकटीकडे बघितलं, धाकटीनं पदर खोचला. "सरका हो जरा," म्हणत दोघींनी मशीन उचललं, ठेक्यात भिंतीवरून पलीकडे घेतलं, आणि फरशीची सगळी वळणं तुडवून, गवतातून सरळ, शिवणाच्या खोलीत नेऊन ठेवलं. आतून दोघींचं काहीतरी कुजबुजणं आलं आणि मग हसणं.

भिंतीपाशी दोघे साडू रिकामे हात घेऊन उभे राहिले. डॉक्टरांच्या हिरवळीवर चराचा पिवळा पट्टा अजून भरला नव्हता. साडू त्याच्याकडे बघत होता. तो हसत नव्हता, आणि न हसणारा साडू तपासनीसांनी याआधी बघितला नव्हता.

"सवय झाली होती हो दादा," तो म्हणाला. "दुपारी दवाखान्यातून यायचो तर घरात कोणीतरी बोलत असायचं. आमची ही तशी कमीच बोलते." त्यानं तपासनीसांच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "तुमचं बरं आहे. तुमच्याकडे रोज असतं हे."

तपासनीसांनी कान टवकारले. आयुष्यभर तराजू बघितलेल्या माणसाला पारडं कुठल्या बाजूला झुकलं हे सांगावं लागत नाही. त्या आवाजात हेव्याचा एक कण होता. फार नव्हता, पण होता. अस्सल, शिक्का मारण्याजोगा.

"या की आत," ते म्हणाले, आणि त्यांना साडू पहिल्यांदाच थोडा आवडला. "खुर्ची आहे. फक्त चिंध्या उचलाव्या लागतील."